चौदा टक्के दुलीचंद

शेवटी घोरपडटोलीच्या दोनशे सत्याऐंशी माणसांनी दुलीचंद वलथरेला पानाला लावून खाल्लं.

हे वाक्य खोडलेलं समजावं. असं काही झालेलं नाही. सरकारदरबारी तशी नोंद नाही, आणि गावात कुणाला विचाराल तर तो आधी लांब पिंक टाकेल आणि मग नाही म्हणेल. तेव्हा जे खरोखर झालं तिथूनच सुरुवात करू. म्हणजे २०४४च्या मार्चमध्ये एक सरकारी अधिकारी तलावाच्या काठी बूट काढून एका गोगलगायीसमोर हात जोडून उभा होता, तिथून.

"नमस्कार," अधिकारी गोगलगायीला म्हणाला. मग मागे वळून त्याने दामिनीला विचारलं, "हे आपले कोण?"

"गोगलगाय," दामिनी म्हणाली.

"नाही, म्हणजे नात्याने."

दामिनी वलथरे ही गावाच्या मच्छीमार संस्थेची सचिव होती. वय तेहतीस, जाळ्यांचा हिशेब तोंडपाठ, आणि अधिकाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावण्यात हातखंडा. पण हा प्रश्न तिच्या अनुभवात बसेना. अधिकाऱ्याच्या हातात जेवणाच्या डब्याएवढं यंत्र होतं. त्याची चिमटी गोगलगायीच्या शंखाला लागली होती आणि वरच्या काचेवर अक्षरं उमटली होती : वलथरे दुलीचंद उरकुडा, ११.२ टक्के.

"हे माझे बाबा," दामिनी म्हणाली. "पण ते मागच्या वर्षी वारले."

"हो, त्याशिवाय ते इथे कसे असतील?" अधिकारी सहानुभूतीने म्हणाला.

त्याचं नाव मंदार पाठारे. अवशेष सन्मान कक्षाचा निरीक्षक, पुण्याचा, तिशीचा, आणि इतका सभ्य की त्याच्यावर चिडायलाही अवघड जावं. त्याने पिशवीतून पिवळी फीत काढली आणि तलावाचा तो कोपरा बांधायला घेतला. मग थोडं पुढे चिमटी लावली, काचेकडे बघितलं, आणखी फीत काढली. तासाभरात अर्धा तलाव पिवळा झाला. दुपारी त्याने फीत मोजणं सोडलं आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाटी लावली : 'मानवी अवशेष. हलवू नये, विकू नये, शिजवू नये, यांच्यावर ओरडू नये.'

"म्हणजे जाळं?" दामिनीने विचारलं.

"जाळं टाकलं तर गोगलगायी हलतील."

"बारा दिवसांनी आमचं मोठं जाळं आहे जी."

"मला फार वाईट वाटतं," पाठारे म्हणाला, आणि त्याला खरोखरच वाटत होतं.

आता हे मोठं जाळं म्हणजे काय, ते सांगायला हवं. उन्हाळा चढला की गोंदियाकडचे हे जुने तलाव आटत आटत परातीएवढे होतात. वर्षभर पोसलेले रोहू, कटले, मरळी मधल्या डबक्यात गोळा होतात. तेव्हा बत्तीस घरं एकाच दिवशी एकच जाळं घेऊन उतरतात, आणि त्या एका दिवसावर वर्ष निघतं. तो दिवस चुकला तर पाणी आणखी आटतं, मासे चिखलात उलटे होतात आणि वर्ष बगळ्यांचं जातं. इतकं सोपं आहे. दामिनीला तेवढं एकच कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

पाठारेने तिला पाळीवर बसवून समजावलं. चौदा वर्षांपूर्वी पन्नाशीपुढच्या सगळ्यांना सरकारने चमचाभर पांढरी भुकटी पाजली होती, आठवतं? अस्थिसुरक्षा योजना. त्या भुकटीत होतं कॅल्शियम, म्हणजे चुन्यात असतं तेच, हाडात असतं तेच. कॅल्शियमचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक चाळीस वजनाचे, पण थोडे बेचाळीस, थोडे चव्वेचाळीस, क्वचित अठ्ठेचाळीस. वागायला सगळे सारखे, फक्त अंगाने जाडबारीक. या जड अणूंचं प्रमाण सरकारने प्रत्येक माणसाला वेगळं दिलं, जसा प्रत्येक घरचा मसाला वेगळा. ते हाडात जाऊन बसलं. मग लघवी तपासली की कळायचं, कुणाचं हाड किती झिजतंय. लाखो म्हाताऱ्यांची कंबर मोडायची वाचली. योजना उत्तम होती.

फक्त माणूस गेल्यावर त्या मसाल्याचं काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे एका शास्त्रीय परिषदेच्या जेवणात कुणीतरी सहज गंमत म्हणून ताटातल्या माशाचा काटा यंत्राला लावला, तर त्यात एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक निघाले. दीड टक्का. जेवण तिथेच थांबलं. देशभर गहजब झाला आणि एका अधिवेशनात कायदा आला : ज्या कशात एखाद्याची खूण शंभरात एक किंवा जास्त भरेल, ते त्या माणसाचे अवशेष.

"पण एवढा तलाव," दामिनी म्हणाली, "त्यात एक माणूस कितीसा?"

"अगदी बरोबर. अगदी नगण्य. साधारण किलोभर कॅल्शियम असतं माणसात. ते पूर्ण तलावात विरघळलं असतं तर आम्हाला पत्ताही लागला नसता. पण इथे सगळी राख एकाच कोपऱ्यात बसली आहे. शंख वाढवायला गोगलगायींना चुना लागतो, त्यांनी हाडांचे तुकडे खरवडून खाल्ले, आणि काही पुढे सरकत गेल्या. राख या कोपऱ्यात कशी बसली, तेच मला समजत नाही."

दामिनीला समजत होतं.

कारण असं की दुलीचंद हा या तलावाच्या तुडुमाचा राखणदार होता. तुडूम म्हणजे पाळीखालून शेतात पाणी सोडायची खिडकी. तिची किल्ली एकच होती, आणि ती चाळीस वर्षं त्याच्या कमरेच्या करदोट्याला होती. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती पाणी, कोणत्या दिवशी, हे तो ठरवायचा आणि ठरवलं की बदलायचा नाही. बोलायचाही नाही. आमदाराचा फोन आला तरी तो ऐकून घ्यायचा आणि फोन बायकोकडे द्यायचा. तो गेला तेव्हा सगळ्यांचं म्हणणं पडलं, त्याची राख तुडुमातून सोडायची, म्हणजे वाहत्या पाण्याने सगळ्या शेतांत जाईल. विचार चांगला होता. सगळे वाजतगाजत तुडुमाशी आले. मडकं पालथं केलं. आणि मग लक्षात आलं की तुडूम बंद आहे, आणि किल्ली राखेसकट मडक्यात होती.

बुडी मारून किल्ली शोधण्यात तो दिवस गेला. दामिनी स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात होती. किल्ली मिळाली नाही. त्या धावपळीत तिचं बापासाठी रडायचं राहिलं ते राहिलंच.

"मग माझे बाबा नक्की कुठं आहेत?" तिने विचारलं.

पाठारेने काडीने चिखलात एक गोल काढला. "वस्तू अशी फिरते. राख, पाणी, गोगलगाय, गोगलगायीला खाणारा पक्षी, पक्ष्याचं अंडं, पुन्हा माती. कुठे अडकते, कुठे साचते, पण फिरते. संपत नाही. हे तुमचे बाबा." मग त्याने गोलातून बाहेर जाणारी एक रेघ ओढली. ती चिखल संपेपर्यंत गेली. "आणि ही ऊर्जा. सूर्याकडून धानात, धानातून बाबांत. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना दहातली नऊ वाटेतच जाते. शेवटी सगळीच उष्णता होऊन आकाशात. ती परत फिरत नाही."

"तीपण बाबाच ना?"

पाठारेने थोडा वेळ रेघेकडे बघितलं. "तिच्याबद्दल कायद्यात काही नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष भाऊलाल शेंडे दामिनीच्या अंगणात येऊन उभेच राहिले. दुलीचंदचे जन्मभराचे दोस्त, म्हणजे जन्मभर त्याच्याशी पाण्यावरून भांडलेले.

"जिवंत होता तवा पाणी अडवलं त्यानं," भाऊलाल म्हणाले. "मेल्यावर मासे अडवले. एवढा चिकट माणूस मी पाह्यला नाही."

"काकाजी, हळू. ओरडायचं नाही म्हणून लिहिलं आहे."

"तलावावर लिहिलं आहे. अंगणात काहून?"

त्याचं उत्तर त्याच अंगणात खाटेवर बसून पान लावत होतं. दामिनीची माय, कौतिकाबाई. सहासष्ट वर्षांची, पंचेचाळीस वर्षं एका मुक्या माणसाशी एकटीने बोलत आलेली. त्यामुळे तिला उत्तराची सवय नव्हती आणि गरजही नव्हती. पाठारे नियमाप्रमाणे वारसाच्या घरी भेट द्यायला आला होता. शिष्टाचार म्हणून तो खाटेशेजारी टेकला, आणि टेकताना यंत्राची चिमटी चुन्याच्या डबीला लागली.

यंत्राने घंटी वाजवली.

वलथरे दुलीचंद उरकुडा, १४.० टक्के.

पाठारे उठून उभा राहिला, बूट काढले, डबीला हात जोडले.

"हा चुना कुठला, आजी?"

"तलावाचा. आमच्या इथं गोगलगायीचे शंख भाजून चुना करते ना जी. हे करत. दर बुधवारी माही डबी भरून ठेवत. एका शब्दानं बोलत नव्हते, पण डबी कधी रिकामी नाही राहिली." तिने पानावरून बोट फिरवलं. "आता मीच करते. तुडुमाजवळचे शंख चांगले मोठे येऊन राहिले औंदा."

कौतिकाबाईने काचेवरचं नाव वाचलं. ती चौथी शिकलेली होती, टक्के तिला येत होते.

"तरी म्हणलं," ती म्हणाली, "वर्षभरापासून चुना जीभ काहून चावते."

मग पाठारेने क्षमा मागत तिच्याच नखाला चिमटी लावली. एक पूर्णांक दोन.

पुढचा प्रसंग घोरपडटोलीत अजून रंगवून सांगतात. पाठारेने नियमावली काढली, दोनदा वाचली, आणि कौतिकाबाईच्या खाटेभोवती पिवळी फीत बांधली. कारण त्या आता कायद्याने अवशेष होत्या. त्यांना हलवायचं नव्हतं, कामाला लावायचं नव्हतं, आणि त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं.

"स्वयंपाक?" कौतिकाबाईने विचारलं.

"अजिबात नाही."

"आन् झाडलोट?"

"गुन्हा होईल."

"बाप्पा," ती म्हणाली, आणि खाटेवर पाय पसरून बसली. "पंचेचाळीस वर्षांत या माणसानं मले पह्यल्यांदा आराम दिला."

तीन दिवस गावातल्या बाया तिला बघायला येत होत्या. काहीजणी नारळ आणत, काहीजणी फितीच्या आत हात घालून तिचं अंग चाचपत. एक म्हातारी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "दुलीचंद, माह्या बांधीले पाणी कमी दिलं होतंस!" पाठारेने तिला ताकीद दिली.

इकडे तलाव आटत होता. दामिनी रोज सकाळी पाळीवर काडी रोवून बघायची. रोज पाणी दोन बोटं खाली. नऊ दिवस राहिले होते.

चौथ्या दिवशी ती नियमावलीच मागून घेऊन बसली. जाळ्याला भोक असतंच, फक्त बोटं फिरवून शोधावं लागतं, हे तिला धंद्याने शिकवलं होतं. कलम सहामध्ये भोक सापडलं : खूण सगळीकडे शंभरात एकच्या खाली गेली की त्या व्यक्तीला 'विलीन' असा दाखला मिळतो आणि फीत निघते.

"म्हणजे बाबांना पातळ करायचं," ती म्हणाली.

"मी हे ऐकलेलं नाही," पाठारे म्हणाला.

"पण आम्ही गोगलगायी हलवायच्या नाहीत."

"नाही."

"बदकांनी हलवल्या तर?"

पाठारेने नियमावली घेतली. पुढून वाचली, मागून वाचली. "बदकांना कायदा लागू नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून स्वतःशीच म्हणाला, "हे मला आधी कुणी विचारलंच नव्हतं."

भाऊलालनी भाच्याकडून साठ बदकं आणली. बदकांनी तुडुमाच्या कोपऱ्यात चोची घातल्या, शंखासकट गोगलगायी गिळल्या, आणि मग त्यांना रोज वेगळ्या बांधीत चरायला सोडलं. बदक खातं एका जागी आणि हगतं चाळीस जागी. चार दिवसांत दुलीचंद सगळ्या शेतांत पोचला, प्रत्येकाच्या बांधीत जवळपास सारखा. भाऊलालनी स्वतःच्या बांधीतली माती मापून घेतली, शेजाऱ्याची घेतली, आणि हिरमुसून म्हणाले, "मेल्यावरही वाटप बरोबर केलं रे यानं." पाठारे रोज मापत होता. कोपरा नऊवर आला, चारवर आला, एकच्या खाली गेला. बदकं शून्य पूर्णांक सहा.

राहिला चुना. डबी आणि फडताळातलं मडकं मिळून अर्धा पाव, तोही चौदा टक्के.

"देवळाच्या भिंतीला लावून टाकू," भाऊलाल म्हणाले.

"भिंत चौदा टक्के होईल," पाठारे म्हणाला. "मग देऊळ अवशेष. भजन ओरडून म्हणता येणार नाही."

"शेतात?"

"हलवणं झालं."

मग दामिनीनेच कलम नऊ वाचून दाखवलं. हयात जोडीदाराने रूढीप्रमाणे स्वतःच्या हाताने दिलेला विडा किंवा प्रसाद हा 'हलवणे' समजू नये. हे कलम कुणी आणि कशाला घातलं असेल, देव जाणे. पण होतं. एकेका पानाला नखभर चुना, पान दोनशे सत्याऐंशी तोंडांत, आणि एकाही तोंडात दुलीचंद शंभरात एक भरला नसता.

"म्हणजे..." पाठारे म्हणाला आणि त्याने पुढचं वाक्य गिळलं.

आता अडत होतं ते एकाच ठिकाणी. विडा मायने द्यायला हवा होता.

"नाही," कौतिकाबाई म्हणाली.

"माय, बत्तीस घरं आहेत."

"मोजता मलेही येते."

"पाणी गुडघ्याइतकं राहिलं. पाच दिवसांनी मासे मरतील."

"मरू दे. मी काय त्याले वाटून खाऊ देऊ लोकाइले? जन्मभर तो लोकाइले पाणी वाटत फिरला. आता एवढासा मडक्यात माह्याजवळ बसला आहे, तर तोही वाटू?" तिने फितीच्या आतून मडकं जवळ ओढलं. "तुले बाप पाहिजेच कुठं होता? तू तर त्या दिवशी किल्ली शोधून राहिली होतीस."

दामिनी हिशेब करू लागली. बाप मडक्यात आहे की तलावात, की बदकांत, की समोर खाटेवर बसून तिला टोचून बोलतोय, एक पूर्णांक दोन टक्के? टोचायचा तर तो कधीच नाही. मग हे बाकीचे अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ टक्के बोलतायत. ती मागे जाऊन उंबऱ्यावर बसली आणि या हिशेबात अडकून राहिली. संस्थेची सचिव म्हणून तिला जुलूम करता आला असता, पोरगी म्हणून हट्ट करता आला असता. दोन्ही तिने अर्धवट करून बघितलं होतं. जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौतिकाबाईने तिला हाक मारली. पाठारेलाही बोलावलं. खाटेवर मडकं होतं आणि शेजारी पाण्याचा तांब्या.

"भाऊ, तुम्ही शिकलेले आहा," ती म्हणाली. "हे पाहा."

मडक्यात तळाशी शंखांची पांढरी खडी होती, गोवऱ्यांत भाजलेली, अजून न भिजवलेली. तिने त्यावर पाणी ओतलं. खडी फसफसली, उकळली, वाफ निघाली. पाहता पाहता मडकं तापलं. कौतिकाबाईने दोन्ही तळवे मडक्याला लावले आणि डोळे मिटले.

"आला," ती म्हणाली. "हिवाळ्यात असाच गरम राहत होता. मी मेली थंडीनं काकडत, आन् हा भट्टीसारखा. बोलला कधी नाही, पण खाटेची डावी बाजू गरम." तिने डोळे उघडले. "हा तोच ना, भाऊ?"

पाठारे खोटं बोलू शकला असता. दामिनी मनातल्या मनात त्याला तशी विनवणी करत होती. पण तो अवशेष सन्मान कक्षाचा निरीक्षक होता आणि कौतिकाबाईचा त्याला खरोखर आदर होता.

"नाही, आजी," तो म्हणाला. "शंख भाजले तेव्हा गोवऱ्यांची उष्णता त्यांच्यात जाऊन बसली. पाणी घातलं की ती बाहेर येते. ही गोवऱ्यांची ऊब आहे."

"म्हणजे म्हशीची?"

"म्हशीने खाल्लेल्या गवताची. मूळ सूर्याची."

कौतिकाबाईने तळवे काढले नाहीत. "मग त्याची कुठं गेली?"

"गेली." पाठारेने बूट काढलेल्या आपल्या पायांकडे बघितलं. "माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा असतो, आजी. दिवसरात्र उष्णता देत असतो. ती हवेत जाते, हवेतून आकाशात, आणि तिथून प्रकाशाच्या वेगाने पुढे. तुमच्या लग्नाच्या वर्षीची ऊब आता शेहेचाळीस वर्षं चालते आहे. वाटेत कितीतरी तारे मागे पडले असतील. ती कुठे वळत नाही, कुठे थांबत नाही."

"एकटीच?"

"तुमचीही आहे सोबत. दोघांची त्याच दिवशी निघाली."

मडकं हळूहळू निवलं. पार गार झालं तेव्हा तिने त्यावरून हात काढले, पदराला पुसले, आणि फितीखालून पाय बाहेर काढून उभी राहिली. तांत्रिकदृष्ट्या तो गुन्हा होता. पाठारेने आभाळाकडे बघितलं.

"जो जायचा तो गेला," कौतिकाबाई म्हणाली. "हा राहिला तो चुना आहे. दामिनी, पानं आण. तीनशे आण. आन् चांगली आण, बापाच्या लग्नात आणली होती तशी सडकी नको."

त्यानंतरचं काही घडलेलं नाही.

गावातली दोनशे सत्याऐंशी माणसं सकाळी पाळीवर रांगेत बसलेली नव्हती. कौतिकाबाई प्रत्येकापुढे थांबून, पानावर नखभर चुना बोटाने सारवून, कात-सुपारी घालून, घडी करून त्याच्या हातात देत नव्हती. दात पडलेल्यांना ती कुटून देत नव्हती. भाऊलाल शेंडे पान तोंडात घातल्यावर हुंदका आल्यासारखे खोकले नाहीत, आणि "साला, अजून झोंबते" असं म्हणालेही नाहीत. सर्वांत शेवटी दामिनीची पाळी आली नाही.

आणि पान चावल्यावर दामिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते चुना जिभेला लागल्यामुळे. चुना जिभेला लागला की डोळ्यांतून येतंच. गेल्या वर्षी जानेवारीत राख सोडली तेव्हापासून राहिलेलं असो किंवा नसो, यंत्रात ते वेगळं दिसत नाही.

पाठारेने सगळ्यांची नखं मापली. शून्य पूर्णांक तीन, शून्य पूर्णांक दोन, शून्य पूर्णांक तीन. दामिनीच्या वेळी यंत्र थोडं घुटमळलं. त्यात तिचे वडील दिसत होते, पण ते पानातले की मुळातलेच, याचा त्याला उलगडा होईना. शेवटी कौतिकाबाई. काचेवर एक पूर्णांक दोन उमटलं. हाडात बसलेला माणूस आठ-दहा दिवसांत निघत नाही.

"शून्य पूर्णांक नऊ," पाठारेने मोठ्याने वाचलं आणि तसंच लिहिलं. नंतर अहवालात त्याने खुलासा जोडला की मापताना हात हलला.

त्याच दुपारी फीत निघाली. तिसऱ्या दिवशी मोठं जाळं पडलं, बत्तीस घरं कमरेइतक्या चिखलात उतरली, आणि मासे असे निघाले की जाळं ओढताना भाऊलालचा पंचा सुटला तो त्यांना काठावर आल्यावर कळला. जाळ्याच्या शेवटच्या घडीत, एका मरळीच्या शेपटीला अडकून, गंजलेली किल्ली वर आली. दामिनीने ती कमरेला लावली. जाताना पाठारेच्या खिशात पानाची एक घडी होती. सरकारी नोकराला विडा घेता येत नाही, म्हणून त्याने ती घेतलेली नव्हती.

दुलीचंद वलथरे विलीन झाल्याचा दाखला टपालाने आला. कौतिकाबाईने तो वाचला, उलटा करून मागचा कोरा भाग बघितला, आणि दामिनीला म्हणाली, "यावर बसते ना एक अर्ज? लिही."

दामिनीने लिहिला. कुठे पाठवायचा ते तिला कळलं नाही, म्हणून तिने तो सगळ्यांना पाठवला.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी (आकाश),
यांचे सेवेशी

विषय : दिवंगत पतीची उष्णता परत मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, माझे पती कै. दुलीचंद उरकुडा वलथरे, रा. घोरपडटोली, यांचे कॅल्शियम शासनामार्फत पूर्णपणे शोधण्यात आले असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि सदर इसमाची उष्णता, दररोज शंभर वॅटप्रमाणे, एकाहत्तर वर्षे, आपल्या हद्दीत सोडण्यात आली असून ती अद्याप पुढे जात असल्याचे निरीक्षकांनी तोंडी कळविले आहे. सदर उष्णतेसोबत अर्जदाराचीही काही उष्णता गेलेली आहे, ती परत नको.

तरी सदर उष्णता कृपया आहे तेथे थांबवून माघारी वळविण्यात यावी. संपूर्ण वळविणे शक्य नसल्यास मार्गशीर्ष, पौष व माघ या तीन महिन्यांपुरती, अर्जदाराच्या खाटेच्या डाव्या बाजूस, पहाटे पाच वाजेपर्यंत उपलब्ध करून देण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
कौतिकाबाई दुलीचंद वलथरे

सोबत : चुन्याची डबी, एक, रिकामी.